शिंपला माझा होता

धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो हे मी घरात कुणाजवळ बोललेले नाही, तरी घरातल्या सगळ्यांना ते ठाऊक आहे. ती नामपूरहून लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं होतं, चला, आता आपल्या हाताखाली कुणीतरी आलं. तसं काही झालं नाही. ती गिऱ्हाइकांशी बोलायला बसली की मुलीची आई, मुलाची मावशी, सगळ्या तिच्याच भोवती गोळा व्हायच्या. मी चहा आणायचे.

आमचा धंदा मंडपाचा. सासऱ्यांनी पंचवटीत चार बांबू आणि दोन कनातींवर सुरू केलेला. ते गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली. आमच्याकडे पंचवटीतलं जुनं गोडाऊन राहिलं, नदीपासून हाकेच्या अंतरावर. दिरांनी बँकेचं कर्ज काढून इंदिरानगरच्या पुढे नवं गोडाऊन बांधलं. दारावर पाटी लावली, तिच्यात मंडप हा शब्दच नाही, इव्हेंट्स असा शब्द आहे. काम तेच. खुर्च्या मांडायच्या, स्टेज सजवायचं, पंगत उठली की पुन्हा उचलायच्या. पण मंडपवाल्याला लोक दारात उभं ठेवतात आणि इव्हेंटवालीला सोफ्यावर बसवतात.

वाटणीत एक गोष्ट मात्र वाटायची राहून गेली. मंडपवाल्यांत प्रत्येकाची एक खूण असते. मोठ्या तिथीला, म्हणजे एकाच मुहूर्तावर गावभर लग्नं असतात तेव्हा, कुणाचाच माल पुरत नाही. मग ह्याच्या खुर्च्या त्याच्याकडे, त्याचे गालिचे ह्याच्याकडे असं चालतं. त्याचं भाडं कुणी घेत नाही आणि लिहूनही कुणी ठेवत नाही. काम उरकलं की माल जवळ पडेल त्या गोडाऊनमध्ये टाकायचा आणि सवडीनं खूण बघून ज्याचा त्याला द्यायचा. कुणी खुर्चीच्या पायाला पिवळा ठिपका देतो, कुणी कनातीच्या कोपऱ्यात फुली शिवतो. आमच्या सासऱ्यांची खूण हिरवा पट्टा. सतरंजीपासून पातेल्यापर्यंत सगळ्याच्या बुडाशी हिरवा पट्टा.

वाटणी झाल्यावर एकानं रंग बदलायला हवा होता. सगळे तेच म्हणाले. पण थोरल्यानं का बदलायचा? आणि धाकटी म्हणाली, "मामंजींची खूण आहे, मी नाही पुसणार." ती बोलली ते सगळ्यांना फार आवडलं. तेच मी आधी बोलले असते तर हट्टी ठरले असते. तर दोन गोडाऊन, दोन धंदे, दोन चुली, आणि पट्टा एकच हिरवा, असं ते चालू राहिलं. आपसात आमचं कधी अडलं नाही. कुठली खुर्ची कुणाची हे आम्हाला तिच्या डुगडुगण्यावरूनही कळायचं.

विम्याचं असं झालं की बँकेनं कर्ज देताना दिरांना गोडाऊनचा विमा काढायला लावला. धाकटीनं एकदा जेवताना ते सहज सांगितलं. तिचं सहज आणि माझं सहज यात फरक आहे. मी त्याच आठवड्यात तिचाच एजंट घरी बोलावला.

एजंट भला माणूस होता. आमच्या ओट्यावर बसून त्यानं नीट समजावलं. आग लागली तर मिळेल, वीज पडली तर मिळेल. वादळानं पत्रे उडाले, नदीला पूर येऊन माल बुडाला, दंगलीत कुणी मोडतोड केली, ट्रक येऊन भिंतीला धडकला, सगळ्याचं मिळेल. मग त्यानं चष्मा वर केला आणि काय मिळणार नाही ते सांगायला लागला. वापरून झिजलेलं मिळणार नाही. गंज, वाळवी, उंदीर यांनी खाल्लेलं मिळणार नाही. म्हटलं, म्हणजे आमचे खरे शत्रू सगळे तुम्ही बाहेर ठेवलेत. तो हसला. कुलूप न फोडता आपल्याच माणसांनी हळूहळू काही नेलं तर तेही मिळणार नाही. आणि दोन गोष्टी त्यानं बोट उगारून सांगितल्या. एक, ह्या पत्त्यावर जे आहे त्याचाच विमा, पत्ता सोडून माल बाहेर गेला की तो विम्यातून बाहेर गेला. दुसरी, दुसऱ्याचा माल तुमच्याकडे ठेवलेला असेल तर तो तुमच्या विम्यात येत नाही, तसं वेगळं लिहून घेतल्याशिवाय.

"आमचा माल तर रोज बाहेरच असतो," मी म्हटलं.

"मग त्याचं वेगळं कलम घ्या, काकू. हप्ता थोडा वाढेल."

"धाकटीनं घेतलंय ते?"

"नाही घेतलं त्यांनी."

"मग मलाही नको. तिचा विमा केवढ्याचा आहे?"

"ते मला सांगता येणार नाही."

"असू दे. माझा तिच्यापेक्षा जास्त करा."

त्यानं पेन खाली ठेवलं. म्हणाला, "काकू, विमा मालाच्या किमतीएवढा असतो. जावेपेक्षा जास्त एवढा नसतो." आमचे हे आत पेपर वाचत होते, ते खोकल्यासारखं करून हसले. मला ते हसणं अजून आठवतं.

शिंपला त्यानंतर आला. शिंपला म्हणजे नवरा-नवरीला बसवायचा सोफा, पण असा सोफा नाशकात तेव्हा कुणाकडे नव्हता. त्याची पाठ उघडलेल्या शिंपल्यासारखी, माणसाच्या डोक्याच्या वर जाणारी, मोतिया रंगाची, आणि कडेनं सोनेरी नक्षी. सुरतेला एका नातेवाइकाच्या लग्नात मी तो पाहिला, ज्यानं केला त्या कारागिराला गाठलं आणि ह्यांना न विचारता तसाच एक करायला सांगून टाकला. आला तेव्हा गोडाऊनच्या दारातून आत जाईना, दाराची एक झडप काढावी लागली. मग मी त्याच्या बुडाशी हिरवा पट्टा स्वतःच्या हातानं ओढला.

पुढे दोन हंगाम मी जे सुख भोगलं ते लिहिते. लोक पंचवटीत पत्ता विचारत यायचे. "तो शिंपला तुमच्याकडेच ना?" मी म्हणायचे, "हो, बघू, त्या तारखेला मोकळा आहे का." तो मोकळा असला तरी असंच म्हणायचे. एकदा तर इंदिरानगरची पार्टी, धाकटीच्या दारावरून आमच्याकडे आली. त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या. ह्यांनी विचारलं, आज काय आहे? मी म्हटलं, काही नाही, पुरण उरलं होतं. पुरण कधी उरतं का?

धाकटी शिंपल्याबद्दल काही बोलत नव्हती. घरी आली की गोडाऊनमध्ये न जाता ओट्यावरूनच बोलून जायची. मला वाटायचं, हिला काही वाटतच नाही की काय. हिच्या जिवावर मी एवढी आनंदात आणि हिला त्याचं काहीच नाही, ह्याचाही मला राग यायचा.

मग मे महिन्यातली एक मोठी तिथ आली. तिचा फोन आला.

"ताई, त्या दिवशी शिंपला मोकळाय का? माझी पार्टी तोच मागतेय. दुसरं काहीच नको म्हणतात."

मोकळा होता. मी म्हटलं, बघते. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा फोन केला, मी म्हटलं, अजून नक्की नाही. तिसऱ्यांदा ती स्वतः आली, ओट्यावर बसली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "द्या ना ताई." मी एवढ्याचीच वाट बघत होते. म्हटलं, "घेऊन जा. आपसात काय."

लग्न झालं. रिवाजाप्रमाणे माल जवळच्या गोडाऊनला, म्हणजे तिच्याकडे गेला. संध्याकाळी तिचा टेंपो आमच्या खुर्च्या घेऊन आला, शिंपला आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही. मी मुद्दाम फोन केला नाही. मागायला लागलं तर त्यात माझी गरज दिसली असती.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या गोडाऊनमागच्या रिकाम्या प्लॉटवर कुणीतरी वाळकं गवत पेटवलं. वारा होता. गोडाऊनमध्ये प्लास्टिकची फुलं, थर्माकोल, पडदे. बंब येईपर्यंत पत्रे वाकले होते. आम्ही पोचलो तेव्हा दीर रस्त्याच्या कडेला दगडावर बसले होते आणि धाकटी उभी होती, हातात घराची चावी घट्ट धरून. आत कुणी नव्हतं, हे देवाचे उपकार. मी तिला जवळ घेतलं, आणि ते मनापासून घेतलं. पण तिच्या खांद्यावरून मी आत बघत होते. काळ्या ढिगात मोतिया रंगाचं काही दिसतंय का, ते बघत होते.

सर्व्हेअर येणार होता त्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली. ह्यांच्यासमोर नाही, मला स्वयंपाकघरात नेऊन बोलली.

"ताई, शिंपला तुमच्या विम्यात बसणार नाही. तो तुमच्या पत्त्यावर नव्हता."

"माहीत आहे मला."

"आणि तुमचा म्हणून सांगितला तर माझ्याही विम्यात बसत नाही, दुसऱ्याचा माल म्हणून. मी एजंटला विचारलं."

"तेही माहीत आहे."

"तर मी तो माझाच म्हणून सांगते. पट्टा तर एकच आहे. कोण बघतंय. पैसे आले की तुमच्या हातात देईन. एक रुपया कमी नाही. तुम्ही फक्त गप्प राहा."

तिनं माझा हात धरला होता. डोळे सुजलेले, केस तसेच बांधलेले. तिचं सगळं गोडाऊन गेलं होतं आणि ती माझ्या सोफ्याचा विचार करत होती. कुणीही म्हणेल, केवढी चांगली बाई. मीही मनात तेच म्हटलं, आणि तेच मला सहन झालं नाही. मी मान हलवली. हो म्हटलं की नाही म्हटलं, ते मलाही कळलं नाही.

सर्व्हेअर कमी बोलणारा होता. हातात काठी घेऊन ढीग उकरत होता, फोटो काढत होता, प्रत्येक वस्तूचं विचारत होता. हे कधी घेतलं, कुठून घेतलं, किती होते. आमच्या धंद्यात अर्धा माल दुसऱ्या मंडपवाल्याकडून जुना घेतलेला असतो, त्याची पावती कुठून आणायची? मोठ्या तिथीनंतर लगेच इतका माल गोडाऊनमध्ये कसा, हेही त्याला पटत नव्हतं. दोन-तीनदा त्यानं विचारलं, "हे सगळं तुमचंच ना?" दीर हो म्हणाले. ते खरंच होतं, आमच्या खुर्च्या तर आधीच परत आल्या होत्या. पण त्याच्या तोंडावरून दिसत होतं की त्याचा विश्वास बसत नाही.

असं करत तो मागच्या कोपऱ्यात आला. तिथं शिंपला होता. पाठ गेली होती, सोनेरी नक्षीचा कोळसा झाला होता, पण बूड धुऊन ठेवलेल्या ओल्या गालिच्यांच्या गठ्ठ्यावर होतं म्हणून वाचलं होतं. त्यानं काठीनं तो कलता केला. खाली हिरवा पट्टा, शेवटाला थोडा वाकडा. तो माझ्या हातचा वाकडेपणा होता.

"हा मोठा सोफा दिसतोय. हा तुमचा?"

धाकटी म्हणाली, "हो, आमचाच."

आमचाच. इतक्या सहज. त्या एका शब्दानं माझे दोन हंगाम गेले. मला दिसलं की तो लिहील, ह्यांचा सोफा. मग पैसे येतील, तिच्या नावानं. ती ते घेऊन पंचवटीत येईल, ओट्यावर सगळ्यांसमोर माझ्या हातात ठेवेल आणि मी हात पुढे करीन. मग सगळे म्हणतील, धाकटीनं थोरलीचं नुकसान भरून दिलं. शिंपला माझ्याकडे होता हे विसरतील आणि हे लक्षात ठेवतील.

"तो माझा आहे," मी म्हटलं.

सर्व्हेअर वळला. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, दिरांनी मान खाली घातली.

"मी यांची जाऊ. पंचवटीचं गोडाऊन आमचं. हा सोफा माझा, मी सुरतेहून आणला, लग्नापुरता दिला होता. पट्टा सारखा आहे कारण सासऱ्यांची खूण दोघांनी ठेवलीय. सुरतेच्या कारागिराला फोन लावून देऊ का?"

"मग याचं काही मिळणार नाही," तो म्हणाला. "यांनाही नाही आणि तुम्हालाही नाही. कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय."

त्यानं लिहिलेलं खोडलं. धाकटी माझ्याकडे बघत होती. रागानं नव्हे. कशानं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि मला त्या वेळी कळून घ्यायचंही नव्हतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मला हलकं वाटत होतं. सोफा गेला होता, पैसे गेले होते, पण तो माझाच म्हणून गेला होता.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं. काही महिन्यांनी एजंट हप्त्यासाठी आमच्याकडे आला आणि ओट्यावर, सगळ्यांसमोर, हात जोडून म्हणाला, "काकू, तुमच्यामुळे त्यांचा क्लेम सुटला." त्यानं सांगितलं ते असं. सर्व्हेअरला आधी सगळ्याचीच शंका होती. पण धाकटीचं 'आमचाच' त्यानं एकाच पट्ट्याचं घर म्हणून सोडून दिलं, आणि सख्खी जाऊ स्वतःचं नुकसान करून खरं बोलते म्हटल्यावर बाकीच्या मालाबद्दल त्यानं घरच्यांच्या शब्दावर भरवसा ठेवला. शिवाय तो सोफा मागाहून दुसऱ्याचा निघाला असता तर सगळाच क्लेम अडकला असता, खोटं सांगितलं म्हणून. आता पैसे मंजूर झाले होते, जवळजवळ मागितले तेवढे.

आमचे हे म्हणाले, "शाबास." सासूबाईंनी पाठीवरून हात फिरवला. पुढे महिनाभर जो येईल तो माझ्या खरेपणाचं कौतुक करायचा. माझ्या सुनेला माहेरी न्यायला आलेले तिचे वडील म्हणाले, असं माणूस आता मिळत नाही. मी मान खाली घालून ऐकायचे. लोकांना तो विनय वाटायचा. तिकडे धाकटीचं गोडाऊन पुन्हा उभं राहिलं, आधीपेक्षा उंच, सगळा माल नवा कोरा. इकडे माझ्या गोडाऊनमध्ये शिंपल्याची जागा रिकामी, तिथं आम्ही बांबू टाकले. खरं बोलून असं होतं, हे कुठल्या कीर्तनात कुणी सांगत नाही. तिचं नवं दार बघून आले की मला जेवण जायचं नाही.

तुळशीचं लग्न झालं, हंगाम तोंडावर आला, तेव्हा ती आली. एकटीच. ओट्यावर न थांबता थेट गोडाऊनमध्ये गेली आणि बांबू टाकलेल्या जागेपाशी उभी राहिली. मी मागोमाग गेले.

"ताई, एक बोलू?"

"बोल की."

"तुम्ही त्या दिवशी खरं बोलायचं म्हणून बोलला नाहीत."

मी वाकून एक घसरलेला बांबू सरळ केला.

"मी 'आमचाच' म्हटलं ना, ते तुम्हाला लागलं. मी बघितलं तुमचं तोंड." ती गिऱ्हाइकांशी बोलते तशी नव्हे, नामपूरच्या बोलीत बोलत होती. "मला पण ते म्हणताना बरं वाटलं होतं, ताई. पैशांचं नाय. एकदा तरी म्हणायचं होतं तसं, कुणासमोर तरी. लय आवडायचा मला तो. तुमच्या घरी यायचे तर गोडाऊनमध्ये पाय टाकायचे नाय, दिसायला नको म्हणून."

"मग परत का नाही पाठवलास लगेच? टेंपो तर आला होता."

ती बांबूंकडे बघत राहिली.

"सुतार बोलावला होता. माप घ्यायला, तसाच करून घ्यायचा म्हणून. तो म्हणाला उद्या येतो, मग म्हणाला परवा. तुम्ही फोन करून मागाल म्हणून धाकधूक होती, पण तुमचा फोन आला नाही. म्हटलं, राहू दे अजून एक दिवस माझ्याकडे." तिनं पदरानं डोळे पुसले. "माझ्यामुळे गेला तो."

हे ऐकून मला राग यायला हवा होता. माझा शिंपला हिच्या हावेपायी गेला, हिनं आत्ता तोंडानं सांगितलं. पण मला काय वाटलं ते सांगते. मला असं वाटलं की अंगणात नाचावं. इतकी वर्षं मी हिच्याकडे बघत होते आणि ही माझ्याकडे बघत होती. हिला माझ्या गोडाऊनमध्ये पाय टाकवत नव्हता. जे कुठल्याही विम्यात बसलं नसतं ते माझं सगळं नुकसान तिच्या त्या एका वाक्यानं भरून निघालं.

"रडू नको," मी म्हटलं. "चहा घे."

चहा गाळताना माझा हात थांबला. ती हे बोलली. शहराच्या त्या टोकाहून एकटी आली आणि माझ्या तोंडावर बोलली, मला तुमचं हवं होतं म्हणून. मी तिचं घर, तिचं दार, तिचं बोलणं, सगळ्याचा हेवा केला, आणि एवढ्या वर्षांत एकदाही ते माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. आत्ताही निघत नव्हतं. ती बाहेर ओट्यावर बसली होती, मन मोकळं करून, हलकी होऊन, आणि मी चहाचे कप हातात धरून दारात उभी होते.

हेही तिलाच आधी जमलं.